घरी दगडू, शाळेत दत्तात्रय, पण नकुसाचं काय?

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक फॉरवर्ड फिरतो, विचित्र नावांची यादी असते, कुणी पोराचं नाव लॉकडाऊन ठेवलं, कुणी कोरोना, कुणी गूगल, आणि खाली हसणाऱ्या स्मायलींची रांग. एकदा त्याच यादीत नकुसा हे नाव आलं आणि त्याच्याखालीही तेच स्मायली होते. ते बघून मला राहवलं नाही. म्हटलं यावर नीट, सगळ्यांना कळेल असं लिहूया, कारण ही सगळी नावं एका पोत्यातली नाहीत. काही नावं भीतीपोटी ठेवलेली असतात, काही हौसेपोटी, काही दुसऱ्यांनी लादलेली असतात, आणि काही अशी की ज्यात पोरीला जन्मल्याजन्मल्याच सांगितलेलं असतं की बाई तू नको होतीस.

आत्ताच का लिहायचं, तर कागदपत्रांचे नियम गेल्या काही वर्षांत बदललेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार यादी, आधार, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मदाखला हाच मूळ कागद धरला जातो. आणि आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. यामुळे जुन्या वाईट नावांचं काय होतं ते खाली येईलच.

## नाव नक्की कुणाच्या मालकीचं?

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याला वाटतं आपण ठेवलं म्हणजे आपलं झालं. पण सातबाऱ्यावर नोंद तलाठी करतो म्हणून जमीन तलाठ्याची होत नाही ना, तसंच आहे हे. आईवडील, आत्या, आजी ही सगळी नोंद करणारी माणसं. बारशाला पाळण्याखालून वरून बाळ फिरवतात, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणतात, आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, आणि त्या दिवसापासून ते नाव सत्तर ऐंशी वर्षं वापरायचं असतं त्या पाळण्यातल्या जीवाला. हजेरीला उभं राहून 'हजर' त्याला म्हणायचंय, दवाखान्यात मोठ्याने नाव पुकारलं की उठून त्याला जायचंय, बँकेत काचेपलीकडच्या माणसाला स्पेलिंग त्याला सांगायचंय. ठेवणारे एक दिवस जेवून गेले.

ही एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की पुढचं सगळं सोपं आहे.

## दगडू, धोंडू, केरबा, उखर्डू: ऐकायला वाईट, पण मायेची नावं

जुन्या पिढीतली नावं आठवा. दगडू, धोंडू, धोंडाबाई, केरबा, कचरू, भिकू, भिकाबाई, कवडू, खानदेशात सुपडू, विदर्भात उखर्डू. आजच्या पोरांना वाटतं की आईबापांना काही अक्कल नव्हती की काय, पोराला कचरा कसं म्हणायचं. पण त्या नावांमागची गोष्ट कळली की घशाशी आवंढा येतो.

एखाद्या बाईची दोन तीन लेकरं एकापाठोपाठ जायची. मग चौथं झालं की घरातले म्हणायचे, याला दृष्ट लागू द्यायची नाही. सुंदर नाव ठेवलं, कौतुक केलं तर मरणाचं, सटवाईचं, कुणाच्या वाईट नजरेचं लक्ष जाईल. म्हणून याला दगड म्हणा, धोंडा म्हणा, केर म्हणा, म्हणजे नेणाऱ्याला वाटेल यात नेण्यासारखं काही नाही. बाळाला सुपात घालायचं आणि नाव सुपडू. उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणायचं आणि नाव उखर्डू. शेजारणीला देऊन कवडी मोजून परत विकत घ्यायचं आणि नाव कवडू. चार घरी भीक मागून आणलेल्या दाण्यांवर वाढवायचं आणि नाव भिकू. मुलगा असेल तर नाक टोचून नथ घालायची, मुलगी आहे असं भासवायचं, म्हणून नथू. हिंदी पट्ट्यात घसीटा, छेदी ही नावंही याच जातकुळीतली.

अशा नावाला आपण इथे सोयीसाठी राखणनाव म्हणूया, म्हणजे पोराची राखण करायला ठेवलेलं नाव. कपाळाच्या कडेला काजळाची तीट लावतो ना, अगदी तेच काम. तीट म्हणजे काळा डागच असतो, पण आई तो डाग पोराला विद्रूप करायला लावत नाही.

आणि ही भीती उगाचची नव्हती. सरकारी आकड्यांप्रमाणे १९५१ च्या सुमाराला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १४६ पहिला वाढदिवस बघायच्या आत जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. म्हणजे तेव्हा प्रत्येक गल्लीत, प्रत्येक घरात असं एखादं गेलेलं लेकरू होतं. मग लस आली, सलाईन आलं, दवाखान्यातली बाळंतपणं आली, आणि दगडू धोंडू हळूहळू शाळेच्या पटावरून नाहीसे झाले. त्यासाठी कुणाला मोहीम काढावी लागली नाही की प्रबोधन करावं लागलं नाही, भीती गेली आणि नाव गेलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नकुसाच्या बाबतीत असं आपोआप काही झालं नाही.

## नकुसाही तशीच राखणनावाची भानगड नाही का?

हा प्रश्न मला स्वतःला घरातल्याच एका मोठ्या माणसाने विचारला होता, की अगं ते पण जुन्या पद्धतीचं नाव आहे, त्यात एवढं काय. वरवर बघितलं तर तसंच दिसतं. पण नीट बघा, दोन्ही नावं बरोबर उलट दिशेला तोंड करून उभी आहेत. दगडू हे नाव मरणाला सांगत होतं की याला नेऊ नकोस. नकुसा, नकोशी हे नाव देवाला सांगतं की ही नको होती, आता पुढच्या वेळी मुलगा दे. पहिल्यात लेकराला धरून ठेवलेलं आहे आणि दुसऱ्यात लेकराला बाजूला सारलेलं आहे. तिसरी चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुसा ठेवायचं म्हणजे मागची रांग थांबते आणि मुलगा होतो अशी ती समजूत. म्हणजे त्या पोरीच्या नावातसुद्धा ती नाहीच, तिच्यानंतर यायच्या असलेल्या भावाचीच वाट बघणं आहे.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. हरियाणा राजस्थानात भतेरी म्हणजे पुष्कळ झाल्या, काफी म्हणजे बास, अंतिम म्हणजे ही शेवटची, माफी म्हणजे आता माफ कर अशी मुलींची नावं आहेत. तमिळमध्ये वेंडाम म्हणजे नको. चीनमध्ये मुलींना लायदी, झाओदी अशी नावं द्यायचे, त्यांचा अर्थच भावाला घेऊन ये असा होतो. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण पोरीला मिळालेला निरोप तोच.

सातारा जिल्ह्यात २०११ साली यावर काहीतरी करायचं ठरलं. त्या वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या, दहा वर्षं आधी ९१३ होत्या. आणि लक्षात घ्या, गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं, १९८८ सालचं, देशाचा कायदा त्यानंतर १९९४ ला आला. तरी आकडा खालीच. तेव्हा जिल्हा आरोग्य अधिकारी होते डॉ. भगवान पवार, त्यांच्या पुढाकाराने जिल्हाभरातून नकुसा, नकोशी नावाच्या मुली शोधून काढल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात २८५ मुलींचं जाहीर नामकरण झालं. चांगले कपडे घालून, केसांत रिबिनी क्लिपा लावून पोरी आल्या, प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं, त्यामुळे तिथल्या एखाद्या मुलीने सावित्री हे नाव उचलणं मला जास्त भिडतं.

आता काही जण म्हणतात हा नुसता इव्हेंट होता, फोटो काढले आणि झालं. मला तसं वाटत नाही. त्या दिवसापर्यंत त्या मुलींना कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय म्हणायचं. पण एक खरं की प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे काम संपलं नाही, शाळेचं रजिस्टर, रेशनकार्ड, जन्मदाखला, आधार हे सगळं एकेक करून बदलावं लागतं, आणि ज्या घरात पोरीचं नावच नकुसा ठेवलं त्या घरात तिच्यासाठी सेतू केंद्राच्या चार चकरा मारायला कोण जाणार हा प्रश्न उरतोच.

## दुसऱ्यांनी लादलेली नावं

यादीतल्या वाईट नावांवर हसताना आपण अजून एक गोष्ट विसरतो. सगळीच वाईट नावं आईबापांच्या मर्जीने आलेली नाहीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सरळ लिहून ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. गावोगाव पोथी कुणी वाचली नसेल पण रीत तीच होती. वरच्या आळीत रामराव, गोविंदपंत आणि खालच्या वस्तीत तोच राम असला तरी राम्या, गोविंदा असला तरी गोंद्या. नाव चांगलं ठेवलं तरी हाक मारणारा ते वाकडं करून टाकायचा. पन्नाशीच्या माणसाला दहा वर्षांचं पोर धोंड्या म्हणून हाक मारायचं आणि त्याने जी म्हणायचं.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर जे झालं ते मला नावांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पुढच्या दहा वीस वर्षांत वस्त्यावस्त्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, महामाया अशी नावं पाळण्यात आली. ज्यांच्या आजोबांना कचरू म्हणायचे त्यांच्या घरात सिद्धार्थ आला. सरकारने नोटीस काढली नव्हती, गॅझेट नव्हतं, लोकांनी स्वतः ठरवलं की आमच्या लेकरांना आता कुणी वाकडं बोलायचं नाही. नावात काही नसतं म्हणणाऱ्यांनी एकदा हे आठवावं.

## लॉकडाऊन, फणी, हायकोर्ट: हौसेची नावं

ही चौथी तऱ्हा, आणि फॉरवर्डमध्ये हीच जास्त असते. ३ मे २०१९ ला ओडिशात फणी वादळ आलं त्या दिवशी भुवनेश्वरच्या रेल्वे हॉस्पिटलात मुलगी झाली, तिचं नाव फणी. २०२० च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात देवरियात एका मुलाचं नाव लॉकडाऊन, गोरखपुरात मुलीचं नाव कोरोना, रायपूरमध्ये जुळ्यांना कोविड आणि कोरोना. कर्नाटकात बंगळुरूजवळ भद्रापूर म्हणून वस्ती आहे हक्की-पिक्की समाजाची, तिथे गूगल, कॉफी, हायकोर्ट अशी नावं आहेत.

यात मी भेद करेन. हक्की-पिक्की लोक पिढ्यानपिढ्या रानात फिरत राहिलेला समाज, आता स्थिरावताना जगात जे नवं दिसलं, जे मोठं वाटलं ते नावात घेतलं, आणि वस्तीत सगळ्यांचीच नावं तशी असल्यामुळे तिथे कॉफी नावाच्या पोराला कुणी चिडवत नाही. आपल्याकडेही सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी जन्मला तो बुधा असं होतंच की. पण शहरात, कॉन्व्हेंटात जाणाऱ्या मुलाचं नाव आईवडिलांनी बातम्या बघून कोविड ठेवायचं हे वेगळं आहे. त्या वडिलांची भावना चांगलीच असणार, संकटाची आठवण राहावी, एकजुटीची आठवण राहावी. पण ती आठवण त्यांची, आणि ती वागवायची लेकराने. ज्या वर्गात एखाद्याचे आजोबा कोविडने गेलेत त्या वर्गात हे पोर काय सांगणार आपलं नाव.

आणि एक साधी, रोजची हौस आहे तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, ती म्हणजे इंटरनेटवरून शोधलेली नावं. वेबसाइटवर लिहिलेलं असतं 'संस्कृत अर्थ: विष्णूचे तेज' वगैरे आणि शब्दकोशात बघायला जावं तर तसा शब्दच नाही, किंवा आहे तर अर्थ भलताच. एखाद्या संस्कृतच्या शिक्षकांना फोन करून विचारायला पाच मिनिटं लागतात, तेवढं जरूर करा. त्यातच अंकशास्त्राप्रमाणे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा ए, एक जास्तीचा एच टाकायचा. शाळेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टला तिसरं, आणि पुढे परीक्षेच्या हॉलबाहेर पोरगं उभं की फॉर्म आणि ओळखपत्र जुळत नाही.

## "नावात काय आहे, कर्तृत्व मोठं हवं"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. आणि ते अर्धं खरं आहे. दगडू, धोंडू नावाची माणसं मोठी झालीच, त्यांच्या नावाला लोक आदराने राव लावायला लागले. पण कर्तृत्व पस्तिशीला येतं हो. पहिली ते दहावी मध्ये असते. नकुसा नावाच्या मुलीला रोज सकाळी हजेरीला अख्ख्या वर्गासमोर सांगावं लागतं की मी नको होते, आणि ते तिला तिच्या वैऱ्याने नाही तर घरच्यांनी दिलेलं असतं. आपण साधा शर्ट घेताना म्हणतो की जरा वाढत्या अंगाचा द्या. नाव तर त्याहून कितीतरी वर्षं अंगावर राहतं.

दुसरं वाक्य, "मुलीचं काय, लग्नात नाव बदलतंच". ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यावरून हे म्हणतात. म्हणजे वीस बावीस वर्षं तिने नकोशी म्हणून काढायची आणि मग नवऱ्याने दिलेल्या नावाने सुटका करून घ्यायची? आणि ते तांदळातलं नाव कागदावर आपोआप येत नाहीच. दहावीचं सर्टिफिकेट तेच राहतं.

इथे तो आईच्या नावाचा नियम आठवा. निर्णय चांगला आहे, आईचं नाव पोराच्या नावात यायलाच हवं होतं. पण विचार करा, २०११ ला जी मुलगी दहा बारा वर्षांची होती ती आता पंचविशीत आहे, तिला मूल होतंय. जिचं नाव कागदोपत्री अजून नकुसाच राहिलंय तिच्या बाळाच्या दाखल्यावर बाळाच्या नावाला लागून काय छापून येणार? जे नाव तिच्याबरोबर संपायला हवं होतं ते आता पुढच्या पिढीच्या प्रत्येक फॉर्मवर जाणार. ज्यांच्या ओळखीत अशी कुणी आहे त्यांनी तिच्या बाळंतपणाच्या आधी तिचे कागद नीट करून द्यावेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

## "मग सरकारने बंदीच घालावी की अशा नावांवर"

काही देशांनी तसं केलंय. न्यूझीलंडमध्ये २००८ साली एका नऊ वर्षांच्या मुलीचं प्रकरण गाजलं, तिचं नाव म्हणजे अख्खं वाक्यच होतं, 'हवाईची तलुला हुला नाच करते' अशा अर्थाचं. तिला इतकी लाज वाटायची की मैत्रिणींना ती नुसतं के म्हणा असं सांगायची. आईवडिलांचा ताब्याचा वाद कोर्टात होता, न्यायाधीशांच्या हे लक्षात आलं आणि नाव बदलता यावं म्हणून त्यांनी तिला काही काळ कोर्टाच्या पालकत्वाखाली घेतलं. फ्रान्समध्ये व्हॅलेंसिएन शहरातल्या कोर्टाने न्यूटेला हे नाव नाकारून मुलीचं नाव एला केलं, २०१५ ची बातमी आहे. स्वीडनमध्ये १९९६ ला एका जोडप्याने नावांच्या कायद्याचा निषेध म्हणून मुलासाठी ४३ अक्षरांचं, उच्चारताच येणार नाही असं नाव दिलं, ते नामंजूर झालं. जपानमध्ये १९९३ ला टोकियोजवळच्या अकिशिमा शहरात एका बापाने मुलाचं नाव अकुमा, म्हणजे सैतान, ठेवायचा हट्ट धरला, पालिका अडून बसली. आता २६ मे २०२५ पासून तिथे नावाचा उच्चारही कुटुंबाच्या नोंदवहीत लिहावा लागतो आणि लिपीशी काहीच संबंध नसलेला उच्चार चालत नाही. आइसलँडमध्ये तर नवीन नाव ठेवायचं तर समिती मान्यता देते.

तरीही आपल्याकडे यादी करून बंदी घालावी असं मला वाटत नाही. कारण यादी कोण करणार? टेबलामागे बसलेला माणूस. त्याला आपल्या आळीतली नावं चांगली वाटणार आणि गोंड, कोरकू, वारली पाड्यावरची नावं विचित्र वाटणार, पारध्यांची नावं विचित्र वाटणार. अमक्याने कसलं नाव ठेवावं हे वरून ठरवायचा एक प्रयोग आपण हजारो वर्षं करून बघितलाय. दुसरं म्हणजे नकुसावर बंदी घातली तर त्या घरात पोरीला हाक नकुसाच मारतील, फक्त दाखल्यावर दुसरं लिहितील. मुलगी नको हे मनातून जायला लागेल तेव्हाच नाव जाईल, जसं बाळं जगायला लागली तेव्हा दगडू गेला. हां, एक मात्र व्हावं. अशी नोंद करायला कुणी आलं तर दवाखान्यातल्या सिस्टरने, आशाताईने, ग्रामसेवकाने एकदा तरी थांबवून विचारावं की अहो, दुसरं नाव सुचवू का. त्याला कायदा लागत नाही.

## आपल्याकडे कायद्यात काय आहे

आपला मूळ कायदा जन्म-मृत्यू नोंदणीचा, १९६९ चा. त्यात अमुक नाव चालेल अमुक नाही अशी यादी नाही. जन्म २१ दिवसांत कळवायचा. नाव मात्र तेव्हाच द्यायला लागतं असं नाही, नावाशिवाय जन्म नोंदवता येतो, मग वर्षभरात फी न भरता नाव घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. हे फार कमी लोकांना माहीत आहे. पण एकदा रकान्यात नाव गेलं की पुढे तो मामला 'चूक दुरुस्ती'चा होतो. आणि नकुसा ही लिहिण्यातली चूक नसते ना, घरच्यांनी तेच सांगितलेलं असतं.

पूर्वी यातून एक पळवाट होती, ती म्हणजे गावचे गुरुजी. कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जून असतो तो का, तर पहिलीत घालताना गुरुजींनी जून महिना बघून तारीख टाकली. तसंच नावाचं. घरी दगडू, गुरुजी म्हणाले काय रे हे, लिही दत्तात्रय. एका ओळीत पोराचं आयुष्य बदललं. घरची हाक दगडूच राहिली, माया तशीच राहिली, पण जगात जायला त्याला दुसरं नाव मिळालं. आता दाखला ऑनलाइन, शाळेत तो बघूनच प्रवेश, त्यामुळे गुरुजींच्या हातात ते राहिलेलं नाही. पहिल्या कागदावर जे गेलं ते पुढे सगळीकडे जाणार.

कोर्टांचं म्हणाल तर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं की नाव हा माणसाच्या ओळखीचा आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, बोर्डाने बदलाचा रस्ताच बंद करून टाकू नये. पण हा हक्क अमर्याद नाही. अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी २०२३ ला नाव बदलणं हा मूलभूत हक्क म्हणून निकाल दिला, तो पुढे तिथल्याच खंडपीठाने फिरवला. आणि केरळ हायकोर्टात २०२३ ला एक वेगळंच प्रकरण आलं, आईवडील विभक्त, नावावर एकमत होईना, मुलीच्या दाखल्यावर नावच नाही आणि शाळा तो दाखला घेईना. शेवटी ज्याच्या बाजूने बोलणारं कुणी नाही त्याचं पालकत्व कोर्टाने घ्यायचं हा अधिकार वापरून न्यायमूर्तींनीच नाव ठरवून दिलं. त्यांनी बघितलं काय, तर मुलीचं हित. सातबारा कुणाचा ते बरोबर ओळखलं.

## बदलायचं असेल तर

लवकर बदला. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करून शाळेच्या रजिस्टरमध्ये बदल करून घेणं त्यातल्या त्यात सोपं, दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट निघालं की फार अवघड. मोठ्या माणसाला नाव बदलायचं तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, ज्याला आपण गॅझेट म्हणतो, जाहिरात द्यावी लागते. म्हणजे सरकारी वर्तमानपत्रात छापून सगळ्यांना सांगायचं की आजपासून माझं नाव हे. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या साइटवर ऑनलाइन होतो, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालक करतात. गॅझेट हातात आलं की त्यावर बाकीचे कागद बदलायचे, मोबाईल नंबर बदलल्यावर बँक, गॅस, शाळा सगळ्यांना एकेक करून कळवतो तसं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग आधी कागदावर लिहून चार जणांकडून तपासून घ्या आणि सगळीकडे तेच द्या.

आणि ज्यांच्या घरी आत्ता बाळ आलंय, तिसरी मुलगी झालीय, दवाखान्यात फॉर्म समोर आलाय, सासूबाई काहीतरी बोलतायत, आई अजून गुंगीत आहे, अशा वेळी हातात पेन असलेल्या माणसाने नावाचा रकाना रिकामा सोडावा. कायद्याने वर्षभर चालतं. आईला घरी येऊ दे, बारसं होऊ दे, मग तिलाच विचारून भरा.